हातभर खिंडार

प्रिय विस्तिन,

तुझी भिंत पडली हे मी ऑक्टोबरमध्येच कळवलं होतं. कोणत्या शब्दांत, ते दोघांनाही पाठ आहे. आता नेनू ती पुन्हा बांधतो आहे, नुसत्या दगडांची, बाबांसारखी. माझ्या हाताखाली भूगोलात दोनदा नापास झालेला हा नेनू! ढिगाऱ्यासमोर उभा राहून मला विचारतो, "मिस, तुमच्या भावानं भिंत बांधली होती की धरण?"

मला हसू आलं नाही. चाळीस वर्षं मी पोरांकडून घोकून घेतलं: आपल्या गोझो बेटावर वर चुनखडी, खाली निळी चिकणमाती; पाणी चुनखडीतून झिरपतं, चिकणमातीवर अडतं आणि उताराला वाट शोधतं. म्हणून नाडूरच्या उतारावर भिंतीचे सांधे कुणी लिंपत नाही. आणि माझा सख्खा भाऊ मेलबर्नहून येतो नि मला वाढदिवसाची भेट म्हणून बाबांच्या भिंतीला सिमेंट थापून घेतो! "आता शंभर वर्षं काळजी नको, गार्डा." पहिल्याच मोठ्या पावसात भिंत फुगली, फुटली आणि बटाट्याच्या वाफ्याची अर्धी माती घेऊन खाली रामला किनाऱ्याच्या लाल वाळूत जाऊन पडली.

कॅरोबच्या झाडाजवळचा तुकडा तेवढा उभा राहिला. सिमेंट संपलं म्हणून गवंड्यानं तो सोडला होता. त्याच्या पोटातले बारीक दगड तू भरलेले आहेत, नऊ वर्षांचा असताना. तुझा हात लहान, म्हणून ते काम तुझं. संध्याकाळी बाबा चाचपून बघायचे आणि म्हणायचे, "यातून उंदीर जायचा नाही, पाणी मात्र जाईल." त्यातलं केपरचं झुडूपही वाचलं, कळ्या धरल्या आहेत. काल हवा इतकी स्वच्छ होती की कोमिनो बेटापलीकडे माल्टातल्या चर्चचे घुमट मोजता येत होते. तू मोजायचास आणि दरवेळी चुकायचास.

"या शेतात पुन्हा पाय ठेवू नकोस," असं मी लिहिलं आणि तू सहा महिने गप्प. सिमेंटबद्दल बोलले त्यातला शब्दही मी मागे घेणार नाही. ते एक वाक्य मात्र घेते. त्याच झाडाजवळ नेनूला हातभर खिंडार ठेवायला सांगितलं आहे. "मिस, शेळ्या घुसतील," म्हणाला. तिथे आईच्या लोखंडी पलंगाची उशाकडची जाळी उभी केली आहे. शेळ्यांना ती पुरे. तुझा हात आता लहान राहिलेला नाही, ठाऊक आहे. गुडघेही दुखत असतील. दगड मी हातात देईन, भरायचे तूच. पाऊस सुरू व्हायच्या आत ये.

तुझीच तोंडाळ,
गार्डा