ओढ्याच्या बदल्यात

१२ फेब्रुवारी
डोरा पिगनला शाळेत शिकवण्याच्या कामावरून काढलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, स्वप्नंसुद्धा चेरोकीत, आमच्या मूळ आदिवासी भाषेत, पाहणारी. पण पदवी नाही — म्हणून वर्गात उभं राहायचं नाही. फोनवर म्हणाली, "रोवेना, तू आमदार ना? की नुसत्या फिती कापायला निवडून दिलंय तुला?"
विधेयक कधीचं तयार आहे. भाषा येणाऱ्या म्हाताऱ्यांना पदवीशिवाय शिकवू द्या, एवढंच. समितीपुढे येतच नाही.

२० फेब्रुवारी
समितीचे अध्यक्ष टेट. आज तिसऱ्यांदा मी त्यांच्याकडे गेले. "पुढच्या वर्षी बघू."
पुढच्या वर्षी उरणार कोण? या हिवाळ्यात चार अंत्यविधींना गेले. चौघंही चेरोकी बोलणारे. शेवटच्या वेळी कबरीपाशी प्रार्थना म्हणायला माणूस शोधावा लागला. मला येत नाही. वसतिगृहाच्या शाळेत चेरोकी बोलली म्हणून आईच्या तोंडात साबण कोंबला होता. तिने मला शिकवलंच नाही. ओक्लाहोमाच्या विधानसभेत दहा वर्षं चेरोकी आमदार म्हणून मिरवतेय, आणि भाषा किती — ये, बस, जेव.

२७ फेब्रुवारी
टेटने दार लावून घेतलं. "ड्रायवॉटर मॅडम, तुमचं गुरुवारी घेतो. माझं कोंबड्यांचं तेवढं बघा. एका मतावर अडलंय."
कोंबड्यांचं म्हणजे — शेडमधली घाण ओढ्याकाठच्या रानात हवी तेवढी टाकायची मुभा. ओढा आमचा. आमची माणसं अजून पहाटे तिथे विधी म्हणून 'पाण्याला जातात', पूर्वेकडे तोंड करून सात वेळा बुडी घेतात. आजीने मलाही नेलं होतं.
मी नाही म्हणाले नाही; तोच माझा होकार.

१ मार्च
सभागृहात मतदानाचं हिरवं बटण दाबलं. टेटचं एका मताने झालं. माझ्या. दुपारी समितीत माझंही पुढे सरकलं, पाच मिनिटांत. स्वच्छतागृहात नळ सोडून रडले.

४ मार्च
चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. जेवताना धाकटा भाऊ वेस्ली म्हणाला, "ताई, तुला विकत घ्यायला कोणी येतच नाही, असं वाटायचं. आले, तर तू घासाघीससुद्धा केली नाहीस." रानकांदा-अंडी ताटात तशीच राहिली.

५ एप्रिल
माझ्या विधेयकावर गव्हर्नरची सही झाली, कायदा झाला. डोराला सांगायला स्वतः गाडी घेऊन गेले. ती दारातच उभी राहिली. आत ये म्हणाली नाही.
"वर्गात पहिला शब्द मी 'अमा' शिकवते. पाणी. पोरांना ओढ्यावर नेऊन, हात बुडवून शिकवते. आता कुठे नेऊ?"
मी म्हटलं, "तुझ्यासाठी केलं."
"मला विचारलंस?"
दार लागलं.

९ एप्रिल
राजीनामा लिहिला. फाडला. पुन्हा निवडून येऊन आणखी दोन वर्षं मिळाली तर कोंबड्यांचा कायदा मीच उलटवीन, असं स्वतःला सांगते. टेटही स्वतःला असंच काही सांगत असेल.
घराबाहेर पडावंसं वाटत नाही. आईची कबर त्याच ओढ्यावर आहे.

१३ एप्रिल
उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस. माझा भरून हातात होता. कारकुनाने यादी पुढे केली. "तुमच्याविरुद्ध एक नाव आलंय, मॅडम." डोरा पिगन, शिक्षिका.
अर्ज पर्समध्ये ठेवला. पायऱ्यांवरून तिला फोन लावला. "मी उभी राहत नाही. प्रचाराला दारोदार फिरताना तुझी गाडी कोण चालवणार?"
ती म्हणाली, "उद्या सातला ये. उशीर चालणार नाही."