पाच लिटरचं पातेलं आणि दुसरी साक्षीदार

मी, श्रीमती प्रेमला बाबासो निकम, वय एकाहत्तर, बी.ए., निवृत्त लिपिक, राहणार जुईनगर, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. भरीस घालायला घरात कोणी नाही.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतील ठेव माझा पुतण्या स्वराज यास द्यावी. त्याने वर्षातून एकदा फोन केला, पण दरवर्षी केला.

२. सोसायटीस काही देऊ नये. गच्चीत पापड वाळवण्यास बंदी करणारा ठराव मी विसरलेले नाही.

३. फ्रिजबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

माझे पती एपीएमसीच्या कांदा-बटाटा बाजारात मापाडी होते. दर गुरुवारी गावाकडची माणसं माल घेऊन येत आणि जेवायला आमच्याकडे असत. त्यांच्यासाठी मी पाच लिटरच्या पातेल्यात दही लावी. पती जाऊन चार वर्षं झाली. माणसं यायची थांबली, पातेलं थांबलं नाही. लहान भांड्यात विरजण घालायला माझा हात धजत नाही. उरलेलं दही माझ्याकडे अकरा वर्षं काम करणाऱ्या मुक्ताबाई दिघ्याला घरी नेत.

गेल्या दिवाळीपासून फ्रिजचं दार लागेना. मुक्ताबाई कमरेने ढकलतात म्हणून बिघडलं, असं मी ठरवलं. त्या म्हणाल्या, "बाई, आदी आतलं पातेलं बगा की." मी म्हणाले, "तू मला शिकवू नकोस." अकरा वर्षांत प्रथमच मी एकेरीवर आले. जानेवारीत त्यांनी किल्ली ओट्यावर ठेवली आणि गेल्या. तेव्हापासून दार परकराच्या नाडीने बांधते आणि दही बेसिनमध्ये ओतते.

परवा घणसोलीचा रूपेश हा मेकॅनिक आला. त्याने दाराचं रबर कोमट पाण्याने पुसलं. बिजागरीच्या बाजूला रबरात कागद धरून ओढला. तो घट्ट होता, म्हणजे रबर ठीक. बिजागरी आवळली. पुढचे पाय स्क्रू फिरवून जरा उंच केले, म्हणजे दार आपसूक मागे जातं. गेलं नाही. मग आत डोकावला.

"काकू, ह्या पातेल्याचा काठ दारातल्या बाटल्यांना लागतो. खाली ठेवा."

खरं होतं. वाकवत नाही म्हणून दिवाळीत मीच ते मधल्या खणात ठेवलं होतं. पातेलं काढलं, दार लागलं.

"येवढं दही? किती मानसं हायत घरात?"

"एक."

त्याने पैसे घ्यायला खळखळ केली. मी दिले.

४. फ्रिज मुक्ताबाईंच्या नावे लिहिणार होते. वकिलांनी सांगितलं, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. दोन साक्षीदार हवेत आणि घरात बोलावण्याजोगी माणसं मला दोनच आठवली, त्यातला एक मेकॅनिक. फ्रिज द्यावा तर मुक्ताबाईंना बोलावता येत नाही. मी बोलावणं निवडलं. फ्रिज स्वराजला. रूपेशबरोबर निरोप धाडला आहे: चूक माझी होती, गुरुवारी चार वाजता सहीला यावं. सही त्यांना येते. ओट्यावर बसवून मी शिकवली आहे.

त्या न आल्यास खालच्या वॉचमनची सही घ्यावी आणि मला कोणी काही विचारू नये.

सही: प्रेमला बा. निकम
ठिकाण: जुईनगर. गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

साक्षीदार पहिला: रूपेश नामा म्हात्रे, घणसोली

साक्षीदार दुसरी: मुक्ताबाई शिवराम जाधव, दिघा

(दुसऱ्या साक्षीदार साडेचारला आल्या. सही करण्याआधी त्यांनी फ्रिज उघडला, पातेलं मधल्या खणातून खालच्या खणात ठेवलं आणि दार लावलं. मी म्हणाले, मला खाली वाकता येत नाही. त्या म्हणाल्या, "वाकायला मी हाय की." ही नोंद माझ्याच हातची आहे. प्रे. नि.)