महिपती सकपाळांच्या बांधाबाबत माझी अखेरची इच्छा

मी, मुरारी धोंडू उतेकर, वय सदुसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार कापडे, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. महाडच्या डॉक्टरांनी तसा दाखलाही दिला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. असलाच तर माझ्याच मनाचा आहे, त्याचा खुलासा कलम पाचमध्ये येईल.

कलम १. राहते घर व परसबाग पत्नी आवडी हिला. पर्माकल्चर, म्हणजे रानासारखी स्वतःला सांभाळणारी शेतीची मांडणी, मी एका शिबिरात शिकलो. तिथला एक धडा असा की रोज लागणारे दाराशी लावावे आणि क्वचित लागणारे लांब. हे ऐकून आवडी म्हणाली, "ह्याच्यासाठी शिबिराला गेलात? माझी आय हेच करायची." मोरीच्या पाण्यावरचे अळू, केळी, दारातला कढीपत्ता तिनेच लावला आहे. तिचेच तिला देतो, त्यात माझा मोठेपणा काही नाही.

कलम २. डोंगरउतारावरची जमीन मुलगी अनुष्का हिला. ती मुंबईला नोकरी करते, त्यामुळे गावी आली की उत्साहाने काहीतरी करायला जाईल. अनुष्का, पहिले वर्षभर काही करू नकोस. पावसात छत्री घेऊन उभी राहा. पाणी कुठून येते, कुठे थांबते, कुठे माती घेऊन जाते ते वहीत लिही. मग लहान तुकड्यावर एकच काम कर, त्याचे काय होते ते बघ आणि मगच दुसरे. पाणी अडव, पण जादा पाण्याला वाट ठेव. पालापाचोळा जाळू नकोस, झाडांच्या बुडाशी पसर. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला ऐनाच्या झाडांच्या फांद्या तोडून तोडून आपल्याच लोकांनी हा उतार उघडा केला. सगळ्यात वरचा झाडांचा पट्टा नावावर तुझ्या असला तरी हक्क रानाचा, तिथे कोयता लावायचा नाही.

कलम ३. मेहुणा भिकू याला माझा चांगला कोयता. तो त्याने बारा वर्षांपूर्वीच नेला आहे, तेव्हा ताबा देण्याचा प्रश्न नाही. माझ्या बागेला तो सगळ्यांसमोर "गुरुजींचं गवत" म्हणाला होता, हे मी विसरलेलो नाही.

कलम ४. माझी लाकडी चौकट अनुष्काला. तिचा आकार इंग्रजी ए सारखा आहे आणि मध्ये दोरीला दगड टांगलेला आहे. ती उतारावर पावलापावलाने सरकवत गेले की समपातळीची रेघ सापडते. तिच्याशिवाय हातभरही चर खणू नये.

कलम ५. २०१८ च्या मे महिन्यात मी तीन दिवसांचे शिबिर करून आलो आणि चौथ्या दिवशी गडी लावून उतारावर पाणी अडवायचा चर खणायला घेतला. आधी वर्षभर बघा, हे पहिले तत्त्व मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिले होते. पाळले नाही. रेघेचा शेवटचा तुकडा राहिला तेव्हा ऊन चढले होते आणि चौकट खाली सावलीत पडली होती. मी डोळ्याने अंदाज घेतला. जादा पाण्यासाठी सांडवाही ठेवला नाही. जुलैत पाऊस तीन दिवस लागून राहिला. चर भरला आणि सगळे पाणी त्या अंदाजाने खणलेल्या, खाली झुकलेल्या टोकाने एका धारेत सुटले. खाली महिपती सकपाळांचे भाताचे खाचर होते, त्यांनीच रचलेल्या दगडी बांधाचे. बांध गेला, खाचर दगडगोट्यांनी भरले.

महिपतींना बांध रचायला आंबेनळी घाटाच्या पायथ्यापर्यंतचे लोक बोलवत. सिमेंट नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. पाऊस उघडताच मी एकटा फावडे घेऊन वर गेलो आणि चराचे ते टोक बुजवून टाकले. मग खाली येऊन गर्दीत उभा राहिलो. कुणीतरी विचारले, "गुरुजी, कशानं गेला वो बांध?"

मी म्हणालो, "पाया कच्चा राहिला असेल."

महिपतींनी माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "गुरुजी म्हंतात तर असंल."

त्यानंतर त्यांना बांधाच्या कामाला कुणी बोलावले नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी उरलेला बांध स्वतःच उकलला, पाया कुठे चुकला ते बघायला. मी ओटीवरून बघत होतो. चूक नव्हतीच, तर सापडणार कुठून? २०२२ मध्ये ते गेले. जमीन काय सांगते ते ऐका, आपली चूक कबूल करा आणि सुधारा, हेही एक तत्त्व आहे. ते मी शाळाशाळांतून पोरांना सांगत फिरलो. मला माझी लाज वाटते.

माझे नदीकाठचे खाचर महिपतींच्या पत्नी तुळसाबाई यांना द्यावे. याला दान समजू नये. हे कलम माझ्या मृत्यूनंतर देवळात गावबैठकीपुढे वाचावे.

इथवर लिहून मी साक्षीसाठी चांगू कदमला बोलावले. तो माझा जुना विद्यार्थी. त्याने सगळे वाचले. मग म्हणाला, "गुरुजी, तुळसाकाकी पंच्याहत्तरीच्या हायत. तुमच्या आधी गेल्या तर ह्ये कुणाला वाचून दाखवू?" सही न करता त्याने पेन खाली ठेवले. मी कागद घेतला आणि तसाच सकपाळांच्या घरी गेलो.

तुळसावहिनी तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्या कलम पाच वाचले. त्यांचे हात थांबले.

"मरायच्या आदल्या दिशी पन म्हनले, माझा पाया चुकला," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, गुरुजीच चुकले असतील. तर माज्यावर रागावले. म्हनले, गुरुजी खोटं कशाला बोलतील?"

मला रडू आवरले नाही. त्यांनी बसा म्हटले नाही, पाणी विचारले नाही.

"खाचर घेईन," त्या म्हणाल्या. "नातवंडांना लागंल. माफी मातर मागू नका. ती देनारा गेला. आनि देवळात वाचायचं ते तुमी जित्ते असताना वाचा."

कलम ६. सबब, मृत्यूनंतर वाचण्याची अट मी रद्द करतो. नदीकाठचे खाचर याच महिन्यात तुळसाबाईंच्या नावे करून देईन. येत्या सोमवारी बैठकीत कलम पाच मी स्वतः वाचेन. आवाज अडला तर पुढचे चांगूने वाचावे. मी उठून जाऊ लागलो तर मला बसवावे आणि शेवटपर्यंत ऐकायला लावावे.

ठिकाण : कापडे
दिनांक : ८ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार : मुरारी धोंडू उतेकर (सही)

वरील मजकूर आम्ही पूर्ण वाचला. लिहून देणाऱ्यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली.
साक्षीदार १ : चांगू भागोजी कदम (सही)
साक्षीदार २ : रेश्मा चांगू कदम (सही)