पन्नास ग्रेनची गोळी आणि माझा भाऊ वेंडल

मी, वेल्मा टोलफसन, माहेरची हास, वय एक्याऐंशी, राहणार कॉटर क्रीकच्या वरचे कुरण, वायोमिंग, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डावा गुडघा नाही, पण कायदा गुडघ्याची चौकशी करत नाही. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

एक. घर, वरचे कुरण आणि मेंढ्या माझी भाची कोरिन हास हिला मिळाव्यात. मेंढ्या विण्याच्या दिवसांत ती दरवर्षी येते आणि न सांगता बाह्या सारून कामाला लागते. तिचा बाप, माझा भाऊ वेंडल, मला तोंड दाखवत नसे, त्या वर्षांतही ती आली.

दोन. माझे दिवंगत पती डेल यांची बिळखारी, म्हणजे जमिनीत बिळे करणाऱ्या खारी, मारण्याची बंदूक, तिची दुर्बीण आणि काडतुसे भरण्याचे यंत्रही कोरिनलाच. मात्र या बंदुकीत काय घालावे हे मी येथे लिहून ठेवते, कारण दुकानदार त्याच्याकडे पडून असेल तेच गळ्यात मारतो. या नळीच्या आतले पीळ सैल आहेत. पंचावन्न ग्रेनपेक्षा, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅमपेक्षा, जड गोळी तिच्यातून नीट फिरत नाही आणि भलतीकडे जाते. एरवी पन्नास ग्रेनची घ्यावी. वारा असेल तर पंचावन्नची, आणि आमच्याकडे वारा असतोच. चाळीसची वेगाने सुटते, पण वारा तिला पिसासारखे उडवतो. कवच पातळ आणि टोक प्लास्टिकचे असावे, म्हणजे गोळी मातीला लागताच तिचा भुगा होतो. जाड, अखंड कवचाची गोळी माझ्या कुरणात कोणीही उडवू नये. ती फुटत नाही. दगडावरून उसळते आणि कोठेही जाते.

कोरिनने एकदा विचारले होते, "आत्या, एवढ्याशा खारीसाठी एवढा काथ्याकूट कशाला?"

मी म्हटले, "खारीसाठी नाही गं. खारीच्या मागे कोण उभं आहे, त्याच्यासाठी."

तीन. ते असे घडले. १९७४च्या सप्टेंबरात माझा थोरला भाऊ वेंडल आमच्याकडे बिळखारी मारायला आला. त्यांच्या बिळात पाय जाऊन त्या वर्षी आमचे दोन घोडे लंगडे झाले होते. वेंडलने स्वतःची बंदूक आणि फौजेतली उरलेली स्वस्त गोळ्यांची पेटी आणली होती. डेलने एक गोळी हातात घेऊन पाहिली.

"वेंडल, ह्या उसळतात रे. माझ्यातल्या वापर."

"खारीच मारायच्यात ना? खारीला काय कळतंय!"

मी टेकाडापलीकडे पाण्याच्या टाकीचा नळ बसवत होते. आधी शिट्टीसारखा आवाज आला, मग पाय माझा राहिला नाही. डॉक्टरांनी गुडघ्यातून गोळी काढली ती वाकलेली, पण अखंड. डेलची असती तर तिचे तुकडेही सापडले नसते.

वेंडल इस्पितळात येऊन म्हणाला, "माझी जमिनीत गेली, वेल्मे. धूळ उडालेली मी पाहिली. रस्त्यावरनं कोणीतरी मारली असेल." शेरीफनेही तसेच लिहून घेतले. मी पुन्हा घोड्यावर बसले नाही. बाजारातली तयार काडतुसे मी पुन्हा कधी वापरली नाहीत, स्वयंपाकघराच्या टेबलावर स्वतः भरली. आणि भावाशी बोलले नाही. तो गेला तरी मी रडणार नाही, असे डेलला सांगून ठेवले होते. आधी डेलच गेला.

चार. या मार्चमध्ये वेंडल आला. फाटकापासून घरापर्यंत तो काठी टेकत चालत आला. टोपी काढून दारातच उभा राहिला.

"माझीच होती," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तुला माहीत आहे, हे मला माहीत होतं. म्हणूनच येववलं नाही."

मी त्याला आत बोलावले. कॉफी दिली. माफ केले की नाही ते माझे मलाच अजून नीट सांगता येत नाही, म्हणून ते येथे लिहीत नाही. परंतु आमच्या वडिलांचे खालचे, ओढ्यालगतचे कुरण, ज्यावर त्याचा जीव होता, ते त्याला द्यावे असे मी या कलमात लिहिले होते.

आज सकाळी त्याने हा कागद वाचला. तिसरे कलम दोनदा वाचले. मग म्हणाला, "साक्षीदार म्हणून मी सही करतो."

वकीलसाहेब म्हणाले, "ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, मिस्टर हास."

"मग मला काही देऊ नका," वेंडल म्हणाला. "ते कुरण खोडा. सही करू द्या."

म्हणून ओढ्यालगतचे कुरणही कोरिनला.

ठिकाण : कॉटर क्रीक, वायोमिंग
दिनांक : ९ एप्रिल २०११

(सही) वेल्मा हास टोलफसन

वरील सही आमच्यासमक्ष झाली :
१. फे ब्रंडेज, शेजारीण
२. वेंडल हास, भाऊ. तिसऱ्या कलमात लिहिले आहे ते खरे आहे.