मक्याच्या गावचे खलाशी

२ मार्च ९७, रविवार
नवीन काम गळ्यात. इथे आखातात, जुफेरच्या अमेरिकन तळावर, राखीव नौसैनिकांची एक तुकडी पंधरा दिवसांसाठी आलीय. आमची कंपनी तिथे लाँचेस आणि माणसं पुरवते, म्हणून टायपिंगही आमच्याकडे. म्हणजे माझ्याकडे.
त्यांचा प्रमुख पिकल्या केसांचा. घरी शाळेत इतिहास शिकवतो म्हणे. मी मनात त्याला मास्तर म्हणते. हातात बाड दिलं, त्यांच्या तुकडीचा इतिहास. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
म्हणाला, आमच्या गावापासून समुद्र हजार मैलांवर आहे, मॅडम.
म्हटलं, माझ्या कराडलाही समुद्र नाही. तरी आले ना इथे.
हसला.

४ मार्च
बारा पानं झाली. वाचतच बसले, बोटं थांबत होती.
महायुद्धाच्या काळात शेतकऱ्यांची पोरं भरती केली. धान्याच्या कोठाराशेजारी विटांची इमारत, तिच्यात फळ्या ठोकून खोटं जहाज बांधलं. चाक, भोंगा, शिडी, सगळं. महिन्यातून एक शनिवार-रविवार त्यावर कवायत, वर्षातून पंधरा दिवस खरा समुद्र. खऱ्या जहाजावर माणूस कमी पडला की यांच्यातला जायचा. बाकीचे खलाशी यांना 'मक्यातले' म्हणून चिडवायचे.
एका वर्षी नदी चढली. यांच्या होड्या मक्याच्या शेतावरून गेल्या, छपरांवरची माणसं उतरवली. मास्तर तेव्हा नवा. एक बाई शिवणयंत्राशिवाय होडीत बसेना. यंत्रही घेतलं.
आता सरकार म्हणतं, जिथे समुद्र नाही तिथे आरमार कशाला? तुकडी बंद करायचं चाललंय, म्हणून हा इतिहास.
मास्तर : "बंद करायची तर करा. पण हे वाचून करा."
घरी हे म्हणाले, तू कशाला एवढं मनावर घेतेस. घेतलं खरं.

६ मार्च
इब्राहिमचाचा ऑफिसात. दाभोळचे, आमची मोठी लाँच चालवणारे तांडेल, वीस वर्षं इथे. सामानाचा बिनइंजिनाचा बार्ज लाँचला बांधून नांगरलेल्या जहाजांपर्यंत ओढत नेतात. या पंधरवड्यात बार्जवर मास्तरची माणसं.
"ओढायचा दोर कुजलाय गो बाय. महिना झाला सांगून."
महिना झाला, खरंच. फेब्रुवारीत त्यांनी सांगितला तो नव्या दोराचा अर्ज मीच टाईप केला होता. मॅनेजरने (मॅ.) त्यावर लाल पेनाने 'नंतर बघू' लिहून फाईलला लावला. आज चाचा पुन्हा आत जाऊन आले. विचारलं, साहेब काय म्हणाले? "इंशाल्ला म्हणाले."
चाचा स्वतः इंशाल्ला म्हणतात तेव्हा काम होतं. मॅ. म्हणतो तेव्हा…

९ मार्च, रविवार
आजचं लिहून ठेवते.
सकाळपासून शमाल, वाळूचा वारा. दारातून सगळी आत. चाचा म्हणत होते आज नको, मॅ.ने पाठवलंच. रेडिओ आमच्याच टेबलावर, सगळं कानांनी ऐकलं. साडेदहाला दोर तुटला. बार्जवर मास्तर धरून सात माणसं, वारा थेट लाटा अडवायच्या भिंतीच्या दगडांवर नेतोय.
मॅ. रेडिओवर : "लाँच परत आण. टगबोट येतेय."
चाचा : "टग येईस्तवर ही माणसं दगडावर."
"परत ये, ऑर्डर आहे!"
"नाय."
मग रेडिओ बंद. सतरा मिनिटं.
चाचांनी लाँच दगड आणि बार्ज यांच्या मधे घातली. एकेकाला उड्या मारायला लावल्या. सातही वाचले. लाँचची एक बाजू चेपली, आणि चाचांच्या डाव्या हाताची दोन बोटं.

१० मार्च
हॉस्पिटलात गेले. चाचा उशीला टेकून चहा पीत होते. मास्तर आधीच तिथे, स्टुलावर, टोपी हातात. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी बसलेले.
मास्तर मला म्हणाला, हा ओरडत होता 'मार उडी, मार उडी'. मला शब्द कळला नाही, मी मारली.
चाचांना सांगितलं. म्हणाले, त्याला सांग, त्याचा बूट माझ्या डोक्याला लागला.

११ मार्च
मॅ.ने रिपोर्ट सांगायला घेतला. तांडेल हुकमाविरुद्ध गेला, त्याच्या हलगर्जीपणामुळे दोर तुटला, लाँचचं नुकसान त्याच्यामुळे. सबब व्हिसा कॅन्सल करावा.
मी टाईप करायची थांबले.
"आणि फाईलमधलं ते फेब्रुवारीचं पान काढून टाक."
"नाही."
"काय?"
"हे टाईप करणार नाही. पानही काढणार नाही."
टाईपरायटरमधला कागद ओढून काढला.
"तुझं परमिट माझ्या सहीवर आहे."
"माहितीय."
शेवटी स्वतः बसला टाईपरायटरवर. दोन बोटांनी, दीड तास. मी समोर बसून राहिले, पाणीसुद्धा विचारलं नाही.
अर्जाची कार्बन कॉपी माझ्या खणात होती. डब्याच्या पिशवीतून घरी आणली.

१२ मार्च
हे भडकले. मुलीची परीक्षा महिन्यावर, आणि तुला हे सुचतंय? मी भाकऱ्या थापत राहिले. मृणाल दारात : "आई, यू रिअली सेड नो? टु हिम?" हो म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. अशी कधी बघत नाही.
हे चप्पल घालून बाहेर गेले. वाटलं, राग शांत करायला. अर्ध्या तासाने हूऱ्याच्या बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून आले. चार कॉप्या.
"एक कशाला ठेवतेस? हरवेल."
बस. एवढंच बोलले.

१३ मार्च
मास्तरला कॉपी दिली. इंग्रजी अर्जच तो, दोनदा वाचला. म्हणाला, तुमच्या कंपनीच्या कंत्राटाचं माझ्या हातात नाही, मॅडम.
डोकंच फिरलं. म्हटलं, ठीक. पण तुमच्या इतिहासात नऊ तारखेचं पान मला टाईप करायचंय. तुम्ही लिहिलंय, 'स्थानिक मदतीने सर्व सुखरूप'. स्थानिक मदत म्हणजे कोण? त्या शिवणयंत्राला अर्धं पान दिलंत.
मास्तरचे कान लाल. मग पान ओढून घेतलं, ती ओळ खोडली आणि बसून दोन पानं लिहिली. चाचांचं पूर्ण नाव. दाभोळचं स्पेलिंग मला विचारलं. दोर, अर्ज, तारीख, सगळं. अर्जाची कॉपी मागे जोडली.
"वरच्या अधिकाऱ्याकडे आजच देतो. पुढे काय होईल, वचन देत नाही."
वचन नकोच होतं. एकही चूक न करता टाईप केलं.

१५ मार्च, शनिवार
मॅ.ने चाचांना सहीला बोलावलं. हाताला बँडेज. समोर तोच इंग्रजी रिपोर्ट.
"बाय वाचील, मग सही."
मॅ. : गरज नाही.
"मग सही नाय."
वाचला. मराठीत, एकेक शब्द. 'हलगर्जीपणा'ला चाचा म्हणाले, परत वाच. परत वाचलं. खिडकीबाहेर बाकीचे चार लाँचवाले उभे होते, तेही ऐकत होते.
चाचांनी कागद टेबलावरून मागे सरकवला.
"खलास. ही सही व्हायची नाय. दोर तुमचा, माणसं मी काढली. घरी पाठवायचं तर पाठवा, दाभोळ काय कुणी विकून नाय खाल्लं."
मॅ. उभा राहिला. म्हणाला, उद्यापासून तुम्ही दोघांनीही यायचं नाही. चाचांचा पासपोर्ट त्याच्याच तिजोरीत.
मास्तरकडून काही कळलं नाही. तुकडी उद्या जाणार.

१६ मार्च, सकाळी ७.१०
आले. यायचं नाही म्हणाला म्हणूनच आले. ह्यांनी गाडीने सोडलं, इंजिन बंद करून तिकडे कोपऱ्यावर थांबलेत.
तळाच्या गेटजवळ भिंतीला टेकून उभ्यानेच लिहितेय. चाचा शेजारी, इस्त्रीचा शर्ट, बटणं एका हाताने लावल्यामुळे वरचं उघडंच. गार्डने दोघांचे पास आत नेलेत.

७.२५
चार लाँचवाले आले. पास दाखवले नाहीत. जमिनीवर बसले, चाचांच्या बाजूला. एकही इंजिन सुरू झालेलं नाही. जेट्टीवर मास्तरची माणसं बॅगा घेऊन ताटकळलीत, बोटीवर न्यायला कुणी नाही.

७.४०
मॅ. जाळीपलीकडून ओरडतोय, यल्ला, यल्ला, चला कामाला. कुणी उठत नाही. मास्तर त्याच्या मागून चालत येताना दिसला, बरोबर पांढऱ्या कपड्यांतला एक अधिकारी, काखेत फाईल. आमचा अर्ज जोडलेली तीच का, इथून दिसत नाही.
गार्ड आला. "मॅडम, अधिकारी आत बोलावतायत. एकट्या या."
म्हटलं, दोघं येतो.
"एकट्या सांगितलंय."
"मग जाऊन सांग, दोघं येतात."
गेलाय सांगायला.