मॅनेजरची जखम

प्रिय गुंडो,

मॅनेजर जगली. आज सकाळी तिनं अंडं दिलं, सव्वीस दिवसांनी. हे सुरुवातीलाच लिहिते, कारण शेवटी मला दुसरंच लिहायचं आहे, आणि तू पत्र उघडलंस की आधी शेवट वाचतोस.

तू तिला पाहिलंस तेव्हा ती स्वयंपाकघरात खोक्यात होती, तुझ्या भावोजींच्या पंच्यात गुंडाळलेली. आदल्या संध्याकाळीच मी तुला फोनवर हो म्हटलं होतं, की हे देवनहळ्ळीचं घर बंद करते आणि तुझ्याकडे जयनगरला राहायला येते. तू खोक्यात डोकावलास आणि म्हणालास, अक्का, बरं झालं हो म्हणालीस, तुला एक कोंबडी राखता येत नाही, तू एकटी काय राहणार. खुराड्याची कडी जुनी होती, कुत्र्यानं ढकलून तोडली, असं मी सांगितलं. दुसऱ्या खेपेला तू नवी कडी घेऊन आलास, पितळी, पाकिटात स्क्रूसकट. वर टेम्पोही ठरवून टाकलास, या रविवारचा. मी कडी पाकिटासकट फळीवर ठेवली. मनात मात्र ठरवलं होतं : ही मेली तर गुंडोचं खरं. ही जगली तर मी इथेच राहणार.

तेव्हा ती जगेल असं कुणालाच वाटत नव्हतं. कुत्रं नव्या घरांच्या लेआउटकडून आलं होतं. शेजारच्या चंदनानं खराटा फेकून मारला तेव्हा त्यानं तिला टाकलं. उजव्या पंखाखालची कातडी तळहाताएवढी फाटली होती आणि पाठीवर दातांची दोन भोकं होती, एक पायही मुरगळला होता. मी दोरीवरचा हाताला लागला तो पंचा ओढला. सोवळ्याचा होता, हे नंतर लक्षात आलं. यांना राग आला नसता. अठ्ठावीस वर्षं बँकेत कारकुनी करून निवृत्त झाल्यावर यांनी चार कोंबड्या आणल्या, तेव्हा तुम्ही सगळे हसलात, की अंडं न खाणाऱ्या घरात कोंबड्या. सगळ्यांत आगाऊ होती तिचं नाव यांनी मॅनेजर ठेवलं. एक तरी मॅनेजर माझ्या हातून खाते, म्हणायचे.

पाणी उकळून गार केलं, मीठ घातलं, आणि भाजीला आणलेल्या नव्या कात्रीनं जखमेभोवतीची पिसं कापली. चंदनानं तिला धरलं. मी धुतलं. यांच्या वेळी मला दवाखान्यात सतरा दिवस काचेबाहेर बसवलं होतं, तुला आठवतंच. काय चाललंय ते दिसायचं, पण हात लावता यायचा नाही. इथे काच नव्हती.

सकाळी चंदनाच्या स्कूटरवरून गुरांच्या दवाखान्यात गेलो, खोकं माझ्या मांडीवर. डॉक्टरांनी पेशंटचं नाव विचारलं, चंदना म्हणाली मॅनेजर, आणि त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं. टाके घातले नाहीत. कुत्र्याचे दात खोल जातात, वरून शिवलं तर घाण आत राहते, म्हणाले. रोज धुवा, माशी बसू देऊ नका, बाकीच्यांपासून लांब ठेवा. पाण्यातून द्यायचं औषध दिलं आणि जखमेला लावायला जांभळं औषध. जांभळंच का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दोन दिवस तिनं काही खाल्लं नाही. गुळाचं पाणी चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडायचे. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या बोटावरचा दहीभात टिपला, आणि मग बोटही. सहाव्या दिवशी जखम कोरडी दिसली. पाय मात्र सुजलेला होता. तू आंब्यावरून पडलास तेव्हा आईनं तुझ्या घोट्याला हळद-चुन्याचा लेप लावला होता, तो आठवला. तोच कालवला, पायाला लावला, उरला तो पाठीवर. एकटी पडून कंटाळली असेल म्हणून तिला बाकीच्या तिघींत नेऊन सोडलं आणि कुकर लावायला आत आले. एक शिट्टी झाली असेल, तोवर तिघींनी तिला कोपऱ्यात घेतलं होतं. टोचून टोचून जखम पुन्हा उघडली होती, पहिल्यापेक्षा मोठी.

चंदनानं माझे लाल हात पाहिले आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, अक्का, कोंबडीला लाल दिसलं की ती टोचणारच, जांभळं कशाला दिलं होतं मग, तुम्ही तर ताट वाढून त्यांना जेवायला बोलावलंत. गुंडो, हळदीत चुना पडला की लाल होतं, हे आपल्याला पाच वर्षांचे असल्यापासून ठाऊक आहे. दारात आलेल्या नवरीला ओवाळायचं पाणी मी उभ्या जन्मात किती वेळा कालवलं असेल. तरी दिसलं नाही. तू पाहायला असतास तर त्याच दिवशी टेम्पो बोलावला असतास.

मी पहिल्यापासून सुरू केलं. मिठाचं पाणी, कात्री, जांभळं औषध. पूजेआधी एकदा, दिवेलागणीआधी एकदा. माझी नखं जांभळी झाली आणि देवाला तशाच हातांनी फुलं वाहिली. खोक्यावर यांची जुनी मच्छरदाणी कापून बांधली, माशी आत गेली नाही. बाराव्या दिवशी कडेनं गुलाबी कातडी आली. अठराव्या दिवशी त्यातून काड्यांसारखी नवी पिसं. बाविसाव्या दिवशी ती बाकीच्यांत गेली. मी कुकर लावला नाही, तासभर उभी राहिले. सगळ्यांत थोरली पुढे आली, तिला मॅनेजरनंच टोचलं. चंदना कुंपणापलीकडून म्हणाली, ड्यूटीवर रुजू झाल्या. काल ती तुळशीच्या कट्ट्यावर उडाली. लंगडते स्वल्प, पण उडाली. अंडं अजून कोमट होतं, ते चंदनाच्या घरी देऊन आले. तिच्या सासूनं ते हातात घेऊन पाहिलं आणि चक्क माझी पाठ थोपटली.

आता शेवटचं. फोनवर मी तुला नेहमी हो म्हणते, म्हणून हे लिहून पाठवते आहे. कुत्र्यानं कडी तोडली नव्हती. ती लावलेलीच नव्हती. त्या संध्याकाळी मी कोंबड्या आत घालत होते आणि तुझा फोन आला. तू यांच्याविषयी बोललास, आईविषयी बोललास, आणि मी म्हटलं, सरी, बरं, येते. मग पायरीवर बसून राहिले. इथलं आता काही माझं नाही, असं वाटलं आणि कडी लावायची राहून गेली. वयामुळे नाही गुंडो, हो म्हटल्यामुळे. हे तुझ्यापासून लपवावं लागत होतं तोवर तुझं खरं होतं. आता लपवत नाही. टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणून सांग. तू मात्र रविवारी ये, जेवायला ये, मॅनेजरला भेट. तू आणलेली कडी पाकिटातच आहे, तुमच्या गच्चीच्या दाराला होईल. साडेसहा होत आले. जुनी चांगली लागते, ती लावून येते.

तुझीच,
देवनहळ्ळीची अक्का