समुद्रावरची वाफ

मार्कंडा, माघ १९५५

डोमा, माह्या भावा,

देवमाशाच्या शिकारीच्या जहाजावरून आलेलं तुहं पत्र बाबानं मले साऱ्या धीवरपुऱ्यात वाचाले लावलं. बर्फाच्या समुद्रावर वाफ निघाली, हवामानवाल्या सायबानं बिनतारीवर वादळाचा इशारा देल्ला, अन् तू म्हणलं, "आमच्या वैनगंगेवर वाफ निघाली का दिवस उघडा राह्यते." वादळ आलं नाई. तवापासून बाबा सांगत फिरून राह्यले, "माही शिकवण सायबाले भारी पडली!"

पण मी शाळेतल्या गुरुजीले इचारलं. ते म्हणे, तिकडं बर्फावरची गार हवा समुद्रावर कोसळली का वाफ उठते, अन् तिच्यामांगं वादळ येते. त्या दिवशी ते बाजूनं गेलं असन. दर खेपी जाईन काय?

डोमा, इशाऱ्याचं ऐक. बाबाचं नोको ऐकू.

एवढं लिवलं अन् बाबा जाळं बाजूले ठेवून जवळ येऊन बसले. मी हा कागद मांडीखाली दाबला, दुसरा घेतला. बाबा हासत म्हणे, "लिव, मी शिकवलं तसंच करत जाय."

त्याइचं तोंड पाहून मी तसंच लिवलं. ते पत्र घेऊन बाबा चामोर्शीच्या पोस्टात गेले. ते गेल्यावर मी हा कागद काढून पुढं लिवला; तू याचंच ऐक.

तुही मोठी बहीण,
गुणा